एक्स-रेवरचा आकडा आणि त्याखालची सही: तालुक्याच्या एका रुग्णालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. एका अंगाला साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर. गावात एका ट्रस्टचं मध्यम आकाराचं रुग्णालय आहे. ओळख पटू नये म्हणून इथे गावाचं, ट्रस्टचं, माणसांचं कोणाचंच नाव दिलेलं नाही आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

रुग्णालयात एम.डी. मेडिसिन झालेल्या एक पूर्णवेळ डॉक्टर आहेत. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून इथेही तेच. एक्स-रे खोलीत एकच टेक्निशियन, दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेला. रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणाहून सोमवारी आणि शुक्रवारी येतात. त्यांचा बहुतेक वेळ सोनोग्राफीत जातो. साठलेले छातीचे फोटो ते निघायच्या आधी तासाभरात वाचून टाकतात. (इकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही. फोटो काढला, फोटोत आलं, फोटो चांगला नाही, अशीच भाषा.)

दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि गावाची लोकसंख्या फुगते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ही माणसं कोप्यांतून राहतात, पहाटे फडात जातात आणि दवाखान्यात येतात ती अगदीच अंगावर आल्यावर. खाण कामगारांचंही तसंच. दोन्हीकडे खोकला हा रोजचाच, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटत नाही.

अडचण

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. टोळीतली तिशीतली एक बाई बाजाराच्या दिवशी, गुरुवारी, आली. महिनाभर खोकला, संध्याकाळी ताप, अंगावरचं पोलकं ढगळ झालेलं. ओपीडीत त्या दिवशी शंभरावर पेशंट. तिला फोटोला पाठवलं; फोटो झाला, आणि बाहेर टोळीचा ट्रॅक्टर उभा होता म्हणून ती पुन्हा मॅडमकडे न जाता परस्पर निघून गेली. शुक्रवारी रेडिओलॉजिस्ट आले नाहीत. सोमवारी रिपोर्ट लागला: उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी, टीबीची दाट शंका.

नोंदवहीत फोन नंबर मुकादमाचा. तोवर टोळी दुसऱ्या गटावर गेली होती आणि फोन लागेना. पत्ता लागला तो थेट फेब्रुवारीत, शेजारच्या जिल्ह्यात. कोपीतल्या धाकट्या मुलालाही तेव्हा खोकला सुरू झाला होता.

ट्रस्टच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, चूक कोणाची? टेक्निशियनने फोटो बरोबर काढला होता, रेडिओलॉजिस्टने बरोबर वाचला होता, मॅडमनी बरोबर शंका घेतली होती. मधले चार दिवस कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय रेडिओलॉजिस्टचा तिसरा दिवस. त्यांना वेळ नव्हता, दुसरे मिळत नव्हते. विषय तिथेच संपला.

दुसरा टेलिरेडिओलॉजीचा. फोटो पुण्याला पाठवायचा, फोटोमागे ठरलेले पैसे द्यायचे, रिपोर्ट रात्रीपर्यंत. खर्च झेपण्यासारखा होता. पण रात्री रिपोर्ट येऊन उपयोग काय, पेशंट तर दुपारीच फडात गेलेला असतो.

तिसरा पर्याय कृत्रिम बुद्धिमत्तेचा. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या, निधीतून छातीचे फोटो वाचणारं सॉफ्टवेअर वर्षभर फुकट मिळत होतं. फोटो संगणकात गेला की मिनिटाभरात निकाल. विक्रीला आलेल्या तरुणाने उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की रिपोर्ट छापूनच बाहेर येईल, रेडिओलॉजिस्टची गरज उरणार नाही. विश्वस्तांपैकी एका ज्येष्ठांना, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, हे पटलं. दर महिन्याचा मानधनाचा आकडा त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

अण्णा काही एकटे नव्हते. या क्षेत्रातले दिग्गज जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्या पुढे जाईल. त्याच हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रेडिओलॉजिस्ट मात्र अजून शोधून सापडत नाहीत. एक्स-रे वाचणं हा त्यांच्या कामाचा एक तुकडा आहे, आणि तो तुकडा जरा हलका झाला की सोनोग्राफीची रांग पुढे उभीच असते. नोकऱ्या जाणार की राहणार या चर्चेत एका माणसाच्या दिवसात किती वेगवेगळी कामं असतात हे मोजायचं बहुधा राहून जातं.

चौथा पर्याय मॅडमनी मांडला. सॉफ्टवेअर घ्यायचं, पण चाळणी म्हणून. ते कोणालाही टीबी आहे किंवा नाही असं सांगणार नाही. आज, आत्ता, थुंकी कोणाची घ्यायची एवढंच त्याने ठरवायचं. निदान थुंकीच्या तपासणीने करायचं. गावातल्याच ग्रामीण रुग्णालयात थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारं ट्रूनॅट यंत्र आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवरही चालणारं. बाकीचे फोटो पूर्वीसारखेच रेडिओलॉजिस्टकडे जातील.

त्यांच्या बाजूने दोन आधार होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये टीबीच्या चाळणीसाठी असं सॉफ्टवेअर माणसाच्या जागी वापरायला मान्यता दिली आहे, ती १५ वर्षांवरच्यांसाठी आणि फुफ्फुसाच्या टीबीपुरती. दुसरा आधार आपल्याकडच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांचा: यंत्राने डॉक्टरला मदत करावी, पेशंटला सल्ला देणं आणि औषध लिहिणं नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं. अण्णांना विचारलं गेलं, छापील रिपोर्टखाली सही कोणाची? बैठकीत कोणी हात वर केला नाही. चौथा पर्याय मंजूर झाला.

काय केलं

रेघ कुठे मारायची

सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोला शून्य ते एकच्या दरम्यान एक आकडा देतं आणि संशयाच्या जागी रंगीत डाग दाखवतं. ०.८२ आला म्हणजे टीबीची शक्यता ८२ टक्के, असं बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. ते खरं नाही. ज्या फोटोंवर ते शिकलं, त्यांतल्या टीबीच्या फोटोंशी हा फोटो किती जुळतो, त्याचं ते माप आहे. खरी शक्यता त्या भागात टीबी किती आहे आणि समोरच्याला लक्षणं काय आहेत यावर ठरते. त्यामुळे कितीच्या वर थुंकी तपासायची ही रेघ सगळ्या जगाला एकच देता येत नाही. ती ज्याने त्याने आपल्या माणसांवर पडताळून ठरवायची असते.

मॅडम आणि टेक्निशियनने मागच्या काही वर्षांतले जुने फोटो काढले. ज्यांचा टीबी थुंकीतून सिद्ध झाला होता ते, आणि जे नंतर नीट निघाले ते. सगळे सॉफ्टवेअरमधून फिरवले. कंपनीने सुचवलेल्या रेघेवर दोन-तीन सिद्ध झालेले रुग्ण सुटत होते, म्हणून रेघ खाली आणली. आठवडाभरात ग्रामीण रुग्णालयातल्या एसटीएसचा, म्हणजे टीबी विभागाच्या उपचार पर्यवेक्षकाचा, फोन आला: "मॅडम, एवढ्या डब्या रोज झेपणार नाहीत. एकच माणूस आहे लॅबला." रेघ पुन्हा वर न्यायची का? त्यांनी नेली नाही. रोज किती नमुने पाठवायचे ते एसटीएसशी बोलून ठरवलं आणि क्रम लावला: लक्षणं असलेले आधी, टोळीतले आधी, गावातले दुसऱ्या दिवशी. सबंध प्रकरणातला हा मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. यंत्राचा वेग लॅबच्या वेगाशी जुळवायचं काम यंत्र करत नाही.

मग खाणीवरचं शिबिर झालं. क्रशरवरच्या जवळजवळ दर दुसऱ्या माणसाचा आकडा रेघेच्या वर. पहिली प्रतिक्रिया हीच की सॉफ्टवेअर इथे फसलंय, खाणवाल्यांसाठी रेघ वेगळी ठेवू. यंत्राचं तसं चुकलंही नव्हतं. सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठी दिसतात आणि टीबीही तिथेच घर करतो. शिवाय या धुळीचा आजार, म्हणजे सिलिकोसिस, झालेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मॅडमनी हट्ट धरला की याच लोकांची थुंकी सोडायची नाही. ज्यांच्यात टीबी निघाला नाही त्यांचे फोटो रेडिओलॉजिस्टने वेगळे काढून वाचले, कामाची वर्षं लिहून घेतली. सिलिकोसिस हा सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक असलेला आजार आहे. पण क्रशरवरची निम्मी माणसं कोणाच्याही हजेरीपटावर नाहीत, मग कळवायचं कोणाचं म्हणून? ही फाईल अजून उघडीच आहे.

फोटो चांगला काढणं

टेक्निशियनला पहिल्या दिवशी वाटलं होतं की आता आपली गरज संपली. झालं उलटंच. यंत्राला दिसतं ते त्याने काढलेल्या फोटोतूनच. पहिल्या महिन्यात काही बायकांच्या फोटोंवर मानेजवळ लाल डाग उमटत होते, आकडा वर जात होता, थुंकीत काही नाही. कारण वेणी. तेल लावून घट्ट घातलेली, पाठीवर किंवा खांद्यावर आलेली जाड वेणी फुफ्फुसाच्या शेंड्यावर सावली टाकते. ताईत, मंगळसूत्र, पोलक्याचे हूक यांचंही तेच.

रेडिओलॉजिस्टला ही सावली नुसती बघून कळते. ते कधी तक्रारही करत नसत. सॉफ्टवेअरला ती दर वेळी कळेल याचा भरवसा नव्हता. मंगळसूत्र काढायला सांगणं हा नाजूक मामला, कितीतरी बायका काढत नाहीत. टेक्निशियनने खोलीत आरसा आणि हेअरबँड ठेवले, आणि आत आलेल्या प्रत्येकीला तो एकच पाठ म्हणून दाखवायला लागला: "मावशी, केस डोक्यावर बांधा. मंगळसूत्र काढू नका, दातात धरा. आता खांदे पुढे, श्वास भरून घ्या, सोडू नका." महिनाभरात हे खोटे डाग बरेच कमी झाले.

त्याचं काम वाढलं. फोटो काढायचा, दर्जा बघायचा, आकडा बघायचा, चार प्रश्न विचारायचे (खोकला किती दिवस, ताप, वजन, घरात कोणाला टीबी), लगेच थुंकीची डबी हातात द्यायची, लाळ नको, खोकून काढलेला बेडका हवा हे समजावायचं. पगार तोच. त्याने वाढ मागितली तेव्हा सॉफ्टवेअर फुकट मिळालंय, त्यात पगारवाढ कशी, असा सूर निघाला. जिल्ह्याच्या एका सेंटरकडून बोलावणं आल्यावर मग भत्ता मंजूर झाला. वेळ थोडक्यात निभावली. तो गेला असता तर सॉफ्टवेअर असून नसल्यासारखं झालं असतं.

आधी कोण बघणार

ठरलं होतं असं की मॅडम आधी स्वतः फोटो बघतील, मत लिहितील आणि मगच आकडा उघडतील. बाजाराच्या दिवशी हे दुपारपर्यंतच टिकायचं. आकडा आधी दिसला की डोळा त्याच्याच मागे जातो: कमी आकडा असला की फोटो वरवर बघितला जातो.

मग एक घटना घडली. पन्नाशीचा किराणा दुकानदार, मधुमेह जुना, तीन आठवडे खोकला. आकडा रेघेच्या बराच खाली. टेक्निशियनने डबी दिली नाही, कारण नियमात बसत नव्हतं. मॅडमनी साखरेचा आकडा पाहिला आणि थुंकी पाठवायला लावली. टीबी निघाला. मधुमेहींमध्ये टीबी पुष्कळदा फुफ्फुसाच्या खालच्या भागात, नेहमीपेक्षा वेगळ्या रूपात येतो. त्या दिवसापासून नियम बदलला: दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आकडा काहीही असो, थुंकी जाणारच. आणि १५ वर्षांखालच्या मुलाचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचाच नाही.

आठवड्यातला एक दिवस, बुधवार, बिनआकड्याचा ठेवला. त्या दिवशीचे फोटो मॅडम आधी वाचतात, आकडे दुसऱ्या दिवशी पडताळतात. अण्णांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमधल्या कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीच्या, चार केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राच्या मदतीची सवय लागल्यावर मदतीशिवाय केलेल्या तपासण्यांत डॉक्टरांना गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. मॅडमनी ते कात्रण अण्णांच्या हातात ठेवलं. बुधवार कायम राहिला.

पेशंटला काय सांगायचं

सुरुवातीला निकालाचा कागद छापून पेशंटला देत. एका वस्तीवर आशाताईंनी तो वाचून सांगितलं, "कॉम्प्युटरने टीबी दाखवलाय." थुंकीचा निकाल यायच्या आधी सासूने सुनेची भांडी वेगळी केली आणि तिला माहेरी धाडलं. थुंकीत काहीच निघालं नाही. तिला परत आणायला मॅडम स्वतः आशाताईंना घेऊन त्या घरी गेल्या.

त्यानंतर आकडा आणि रंगीत चित्र रुग्णालयाबाहेर जाणं बंद झालं. पेशंटला एवढंच सांगायचं: "छातीचा फोटो अजून नीट तपासायचाय, त्यासाठी थुंकी लागेल." सॉफ्टवेअरचा उल्लेख विचारल्यावर करायचा, लपवायचा नाही. काही शिकलेले पेशंट उलट हटून बसतात, एआयचा रिपोर्टच द्या म्हणतात. त्यांच्यासाठी अजून ठाम नियम झालेला नाही.

सही

रेडिओलॉजिस्टनी सुरुवातीलाच बजावलं होतं की न वाचलेल्या फोटोखाली सही करणार नाही. ते आडमुठेपणा करताहेत असं काहींना वाटलं. शिवाय त्यांचं मानधन फोटोमागे होतं, त्यामुळे बोलण्यात पैशाचाही वास होता. पण मुद्दा बरोबर होता. शेवटी मानधन दिवसावर ठरलं. रेघेच्या वरचे आणि मॅडमनी खूण केलेले फोटो ते आधी वाचतात, उरलेले नंतर; पण वाचतात सगळे. सही त्यांचीच असते.

निष्पत्ती

पुढच्या गळीत हंगामात टोळीतल्या माणसाला फोटो काढल्याच्या दिवशीच थुंकीची डबी मिळू लागली. बहुतेकांचा ट्रूनॅटचा निकाल दुसऱ्या दिवसापर्यंत हातात. ज्यांच्यात टीबी निघाला त्यांची निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर लगेच नोंद झाली. गावाकडे परतल्यावर उपचार तिकडे वर्ग करणं त्यामुळे सोपं गेलं. पोषणाचे पैसेही, नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये, ज्यांची बँक खाती चालू होती त्यांना मिळाले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फुकटचं वर्ष संपल्यावर कंपनीने फोटोमागे दर लावला, आणि ट्रस्टने बरीच घासाघीस करून वर्षाचा करार केला. त्यातच एका सकाळी सॉफ्टवेअर आपोआप नव्या आवृत्तीवर गेलं. कोणाला कळवलं नव्हतं. दोन दिवसांत टेक्निशियनच्या लक्षात आलं की आकडे एकूणच खाली सरकलेत, जिथे ०.६ यायचा तिथे ०.४ येतोय. नवी आवृत्ती कदाचित जास्त चांगली असेलही. पण रेघ जुन्या आवृत्तीवर मारलेली. जुने फोटो पुन्हा फिरवून रेघ नव्याने ठरवली आणि लेखी कळवल्याशिवाय आवृत्ती बदलायची नाही हे कलम करारात घातलं. हे पकडलं त्या टेक्निशियनने, ज्याच्या भत्त्यावरून एवढी कुरकुर झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

करारात आवृत्तीचं कलम, आणि फोटोंचा वापर कंपनी पुढे कशासाठी करणार याचं कलम, पहिल्याच दिवशी हवं होतं. फुकट मिळतंय म्हणून कागद नीट वाचले गेले नाहीत. फुकट वर्षात फोटो कंपनीच्या सर्व्हरवर गेले, त्यांचं काय झालं हे विचारायला उशीर झाला.

आशाताईंचं प्रशिक्षण शिबिरानंतर झालं, ते आधी व्हायला हवं होतं. पेशंटशी शेवटचं बोलणारं माणूस त्याच. ट्रस्टच्या बैठकीत मात्र त्यांच्यातली एकही नव्हती. टेक्निशियनचा भत्ता सॉफ्टवेअरच्या ठरावातच यायला हवा होता. त्याच्या हाताखाली दुसरा माणूस अजूनही नाही. तो रजेवर गेला की डब्या वाटायचं काम थांबतं.

आणि एक गोष्ट सॉफ्टवेअर नसतानाही करता आली असती. पहिली ती बाई हातची गेली कारण नोंदवहीत एकट्या मुकादमाचा नंबर होता. आता टेक्निशियन प्रत्येक ऊसतोड कामगाराचे दोन नंबर घेतो: एक टोळीतला, एक मूळ गावच्या घरचा, शिवाय तिथल्या आशाताईंचं नाव. कारखान्याच्या शेतकी खात्याकडून टोळ्यांची गटवार यादी मागवली जाते, ती एका अर्जावर मिळाली. पुढच्या हंगामात फोटो झाल्यावर निघून गेलेली जी माणसं परत सापडली, त्यांतली बहुतेक या दोन नंबरांमुळे सापडली.